गाडीचं वय किलोमीटरवरून काढायचं की तासांवरून? (अल्टरनेटरच्या निमित्ताने)

वाघबीळवासी

परवा संध्याकाळी मानपाड्याच्या सिग्नलला गाडीने मान टाकली. पाऊस होता, त्यामुळे वायपर, हेडलाइट, एसी सगळंच चालू. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग वायपर रडतखडत सरकायला लागले, मग स्टिअरिंग दगडासारखं जड झालं (आपलं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं हे त्या दिवशी कळलं) आणि शेवटी इंजिनच बंद. मागच्या बसवाल्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली.

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर १ लाख ३८ हजार. इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवतो आणि बॅटरी भरतो तो) गेला. नवा १४ हजार, उघडून दुरुस्त केला तर साडेतीन-चार. मुलगा म्हणतो, बाबा, एवढी पळालेली गाडी, आता रोज एक दुखणं निघणार, काढून टाका.

मला "पळालेली" हा शब्दच पटत नाही. माझी गाडी पळालेली कुठे, ती तर उभी राहिलेली आहे! वाघबीळ ते महापे, कळवा-विटाव्यावरून, जाऊनयेऊन ४० किलोमीटरला अडीच तास. ताशी १६. या हिशेबाने १ लाख किलोमीटर म्हणजे इंजिन ६,२५० तास चालू. एक्सप्रेसवेने पुण्याला जाणाऱ्याची सरासरी ६० धरली, तर त्याचे तेच १ लाख १,६६७ तासांत होतात. म्हणजे माझा अल्टरनेटर पावणेचार पट राबला. ठाण्या-नवी मुंबईत किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, तास मोजा. आणि तास मोजलेत तर या अल्टरनेटरने इतकी वर्षं काढली हेच कौतुक. मी दुरुस्त करून आणखी पाच वर्षं वापरणार. बोला.

पारसिक_टेकडी

विका हो. २०२८ला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओची फिटनेस, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. त्याआधी हात मोकळे करा.

आणि तुमचं गणित कागदावर छान आहे, पण अल्टरनेटरमध्ये घासतं काय? कार्बन (म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश) आणि बेअरिंग. ते घासतात फेऱ्यांनी, घड्याळाने नाही. तुम्ही सिग्नलला उभे तेव्हा इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर. हायवेवाला २,४००वर. अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट फिरतो, म्हणजे त्याचा सहा-सात हजारांवर भिरभिरतोय. जास्त कोण झिजणार?

वाघबीळवासी

चला, फेऱ्यांचाच हिशेब करू. हायवेला ताशी ८०, इंजिन २,४००वर: किलोमीटरला ४५ सेकंद, म्हणजे १,८०० फेरे. माझी सरासरी ताशी १६, थांबत-सरकत इंजिन सरासरी १,१०० धरा: किलोमीटरला पावणेचार मिनिटं, म्हणजे ४,१२५ फेरे. तुमच्याच मापाने मीटरवरचा माझा एक किलोमीटर सव्वादोन किलोमीटरच्या बरोबरीचा झाला.

पारसिक_टेकडी

पावणेचार पटीवरून सव्वादोनवर आलात. संध्याकाळपर्यंत एकावर याल.

घणसोली_सीएनजी

नमस्कार मंडळी. माझी टुरिस्ट गाडी आहे, छोटी सेदान, २ लाख ९० हजार झालेत, दिवसाला दहा-बारा तास रस्त्यावर. अल्टरनेटर एकदाच उघडला, १ लाख ७० हजारला. कार्बन, दोन बेअरिंग, मजुरी धरून २,२०० रुपये. अजून ओरिजिनल बॉडी. भाऊ, गाडी विकायचा सल्ला देणाऱ्याचं काय जातं, हप्ता तुम्हाला भरायचाय.

एक मात्र बघितलंय. आमच्या लायनीत ज्यांनी डिकीत अ‍ॅम्प्लिफायर, रंगीत लायटी, दोन-दोन चार्जर लावलेत त्यांचे अल्टरनेटर आधी जातात. किलोमीटर सारखेच.

सीवूड्सची_सून

माझी गाडी २०१२ची, फक्त ६२ हजार. सासरे रविवारी चालवतात, एरवी सोसायटीत कव्हर घालून देवासारखी बसलेली. गेल्या पावसाळ्यात अल्टरनेटरमधून पिठाच्या गिरणीसारखा आवाज. उघडल्यावर निघालं की बेअरिंगमधलं ग्रीस सुकलंय आणि स्लिप रिंगवर (कार्बन जिच्यावर घासतात ती कडी) गंज. खाडीची हवा आहे आमच्याकडे, लोखंड कशाला टिकतंय. आता सांगा, माझ्याकडे ना किलोमीटर, ना तास. तुम्ही दोघंही चूक का?

वाघबीळवासी

ताई, तुमच्या गाडीला वर्षं मोजा :)

जुना_वाइंडर

तीस वर्षं डायनॅमो-अल्टरनेटर उघडलेत, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे झिजण्यावर भांडताय. टेबलावर येणारे अर्धेअधिक झिजून मेलेले नसतात, भाजून मेलेले असतात.

७०-८० अँपिअरचा अल्टरनेटर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. हॅलोजन हेडलाइट दोन, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, वायपर, मागच्या काचेची हीटर लाइन. घोडबंदरला पावसात हे सगळं एकदम चालू असतं. आमदनी अठन्नी. उरलेलं बॅटरीतून जातं आणि गाडी जरा पुढे सरकली की अल्टरनेटर ते परत भरायला धावतो. त्यात त्याला थंड करणारा पंखा त्याच्याच रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर असतो. फेरे कमी तर वारा कमी. वर बॉनेटखालची धग. डायोड (एसी विजेची डीसी करणारे) भाजतात ते असे.

तेव्हा वाघबीळवाले साहेब, तास मोजा हे निम्मं बरोबर. पण खरा प्रश्न मी विचारतो. बॅटरी किती वर्षांची?

वाघबीळवासी

पाच. गेल्या डिसेंबरपासून दोनतीनदा शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून सुरू केली.

जुना_वाइंडर

हा घ्या खुनी.

बसलेल्या बॅटरीवर गाडी सुरू करून तशीच ऑफिसला नेली की अल्टरनेटर पूर्ण ताकदीने ओततच राहतो. भरलेली बॅटरी टेकवून ठेवणं हे त्याचं काम, मेलेली जिवंत करणं हे चार्जरचं. ना किलोमीटर, ना तास, तुमच्या कंजूषपणाने गेला तो. राग मानू नका.

पारसिक_टेकडी

वाइंडर काका, मनापासून धन्यवाद.

घणसोली_सीएनजी

काका, आमचा मेकॅनिक चालू गाडीत बॅटरीची तार काढतो. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर ओके म्हणतो. बरोबर आहे का?

जुना_वाइंडर

त्याला सांगा, कार्बोरेटरचे दिवस गेले. चालू गाडीत तार काढली की व्होल्टेज उसळी मारतं, आणि त्या उसळीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला तर अल्टरनेटर स्वस्त वाटेल. चारपाचशेचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. मग सगळे दिवे, ब्लोअर लावून बघा, तेरा-साडेतेराच्या खाली घसरतंय का. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे हा ठोकताळा लावून गॅरेजवाल्याशी भांडू नका.

सीवूड्सची_सून

मल्टीमीटर सासऱ्यांच्या हातात दिला तर ते घरातले सगळे सेल तपासत बसतील.

वाघबीळवासी

अपडेट. आज अल्टरनेटर माझ्यासमोर उघडला. कार्बन तीन-साडेतीन मिलिमीटर उरलेत, स्लिप रिंगवर बोट लावलं तर खाच जाणवते. डायोड प्लेटवर दोन डायोड गेलेले. कार्बन, बेअरिंग, डायोड प्लेट बदलून ३,८०० झाले. म्हणजे झिजलेलाही होता, माझं म्हणणं सिद्ध.

पारसिक_टेकडी

कार्बन १ लाख ३८ हजारला संपत आले, म्हणजे किलोमीटरनेच संपले. माझं सिद्ध.

जुना_वाइंडर

गाडी थांबवली कोणी? डायोडने. कार्बन आणखी काही महिने गेले असते. रीडिंग टाका.

वाघबीळवासी

चालू गाडीत १४.२. सगळं लावून १३.५. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरीवर १२.१.

जुना_वाइंडर

रात्रीतून बॅटरी निम्म्यावर आली. नवी कधी घेताय?

वाघबीळवासी

पुढच्या पगाराला बघू. आता चालतेय की.

जुना_वाइंडर

३,८०० ची पावती जपून ठेवा. वॉरंटी लिहून घेतलीये ना त्याच्याकडून?