प्रामिपेक्सोल वाढवल्यापासून सौदे, खरेदी, रात्रीचं खाणं: गोळी अर्धी करून द्यावी का?

मेघना, रामबाग
सासऱ्यांचं वय ६४, पार्किन्सन ६ वर्षांपासून. सिंडोपा प्लस (लिव्होडोपाची गोळी) दिवसातून तीनदा एकेक, शिवाय प्रामिपेक्सोल ईआर सकाळी एक. आठ महिन्यांपूर्वी ती दीडची ३ मिलिग्रॅम झाली. कंप कमी झाला, चालणंही सुधारलं. पण गेल्या पाच महिन्यांपासून शेअर बाजाराच्या ऑप्शन्समध्ये रोज सौदे, इथल्या इंदूरच्या सीतलामाता बाजारातून एकसारख्या साड्यांचे ढीग, रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाणं (वजन ७ किलोंनी वाढलं), आणि पहाटेपर्यंत रेडिओ उघडून स्क्रू आकाराप्रमाणे लावत बसणं. आधी यातलं काहीच नव्हतं. सासूबाई म्हणतात, उतारवयात स्वभाव फिरला. डॉक्टरांची वेळ १२ दिवसांनी आहे. तोवर गोळी अर्धी करून देऊ का? डॉक्टरांपुढे काय मांडायचं? आणि पैशाला आवर कसा घालायचा?

औषधवाला, दवा बाजार
ताई, अर्धी अजिबात करू नका. ईआर गोळी २४ तास हळूहळू सुटेल अशी बांधलेली असते. ती तोडली किंवा कुटली की बराचसा डोस एकदम अंगात जातो: मळमळ, उभं राहताना बीपी खाली, भास. कमी करायची तर कमी ताकदीची अख्खी गोळी लागते, आणि ती नव्या चिठ्ठीवरच मिळते.

बंदही करू नका. अचानक थांबवल्यास ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. तसं झालं तर थेट इमर्जन्सीत न्यायचं.

१२ दिवस थांबू मात्र नका. आजच दवाखान्यात फोन करून "गोळी वाढवल्यापासून सौदे आणि खरेदी आवरत नाही" एवढंच सांगा. हा दुष्परिणाम न्यूरॉलॉजिस्टला चांगला माहीत असतो, लवकर बोलावतील. सोबत क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट ठेवा. प्रामिपेक्सोल जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ३ मिलिग्रॅम अंगात त्याहून जास्त डोससारखं वागतं.

न्यूरो वॉर्ड, विजयनगर
सासूबाईंना आधी हे समजावा: स्वभाव नाही, गोळी आहे. प्रामिपेक्सोल आणि त्याच गटाचं रोपिनिरोल मेंदूतल्या डोपामिनच्या डी-३ रिसेप्टरवर (डोपामिन जिथे बसून काम करतं त्या जागेवर) जास्त जोराने बसतात, आणि ते रिसेप्टर हालचालीपेक्षा हाव-बक्षिसाच्या भागात दाट असतात. हात सुधारतो आणि त्याच वेळी "अजून एकदा" ही ओढ वाढते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या पाहणीत या गटाची औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत जुगार, खरेदी, खादाडी किंवा कामवासनेचा अतिरेक दिसला. न घेणाऱ्यांत ७ टक्के. रेडिओ उघडून तेच तेच लावत बसण्याला पंडिंग म्हणतात, तेही याच कुळातलं.

डॉक्टरांपुढे एक कागद ठेवा. डाव्या बाजूला डोस कधी वाढला त्या तारखा, उजव्या बाजूला प्रत्येक सवय कधी सुरू झाली, रोज किती वेळ, किती रुपये. लैंगिक वागण्याबद्दल सासूबाईंना एकटीने विचारा. हा भाग रुग्ण सहसा आपणहून सांगत नाही, बायकोही सगळ्यांसमोर बोलणार नाही, आणि त्यामुळे नेमका तोच कागदावरून सुटतो.

पुढे साधारण असं होतं: प्रामिपेक्सोल टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि हालचाल ढासळली तर लिव्होडोपा वाढवतात. ढोबळ हिशेब १ मिलिग्रॅम प्रामिपेक्सोलला १०० मिलिग्रॅम लिव्होडोपा. तुमच्या ३ ला ३००, म्हणजे सिंडोपा प्लसच्या तीन गोळ्यांइतका. हा हिशेब फक्त डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून; सगळ्यांना पुरती भर लागतेच असं नाही. माहितीपत्रकात दिवसाला ०.७५ मिलिग्रॅम उतरवून ०.७५ पर्यंत, मग रोज ०.३७५, असा वेग दिलेला आहे. पण ज्यांना ही ओढ लागलेली असते त्यांनाच गोळी सुटताना त्रास जास्त होतो, म्हणून पुष्कळदा आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात. तो त्रास म्हणजे घाबरं होणं, घाम, अंगदुखी, खिन्नता, "तीच गोळी द्या" असा हट्ट. लिव्होडोपा वाढवूनही तो जात नाही. तेव्हा घरच्यांनी घाबरून जुना डोस परत सुरू केला की सगळं मुळापासून. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

एक चूक फार महाग पडते. घरचे परस्पर मानसोपचारवाल्याकडे जातात, पार्किन्सन सांगायचं राहतं, आणि रिस्पेरिडोन, ओलांझापिन किंवा हॅलोपेरिडॉल सुरू होतं. आठवड्याभरात माणूस जागेवर खिळू शकतो. उलटीसाठी पेरिनॉर्मचंही तेच. दोन्ही डॉक्टरांकडे औषधांची एकच यादी जाऊ द्या.

मेघना, रामबाग
आभारी आहे. आजच फोन करते. एकांनी सुचवलं, प्रामिपेक्सोलऐवजी रोपिनिरोल घ्या. चालेल?

न्यूरो वॉर्ड, विजयनगर
नाही. गट तोच, धोका तोच. कातडीवर चिकटवायच्या रोटिगोटिनच्या पट्टीचंही तसंच.

बँकवाले काका, सुदामानगर
पैशाचं सांगतो. त्यांना समोर बसवून, त्यांच्या संमतीने करा. लपवून केलं तर दुसरं खातं निघतं. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणा, कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करा. यूपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडून चालू मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करा, लोकांचं नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. एफडी "दोघांपैकी कोणीही" असेल तर "दोघांच्या सहीने" करून घ्या आणि नेटबँकिंगवरून मोडायची सोय बंद ठेवा. ब्रोकरला डेरिव्हेटिव्ह विभाग (ऑप्शन्स त्यातच येतात) बंद करायला सांगा. ट्रेडिंग खातं स्वतःहून गोठवायची सोय सेबीच्या नियमाने २०२४ पासून ब्रोकरला द्यावीच लागते. शेवटी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. ॲपवरून उचललेली छोटी कर्जं तिथेच दिसतात.

औषधवाला, दवा बाजार
हा धागा इतरही वाचतील म्हणून जोडतो. हे फक्त पार्किन्सनपुरतं नाही. प्रोलॅक्टिनसाठीचं कॅबरगोलिन, रात्री पाय चाळवण्यावर दिलेलं प्रामिपेक्सोल (ते ०.१२५ मिलिग्रॅम इतकं कमी असलं तरी), आणि मनाच्या आजारातलं ॲरिपिप्राझोल यांनीही असं होतं. ॲरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१६ च्या मे महिन्यात इशारा दिला. त्याचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ७५ तास, म्हणून डॉक्टरांनी थांबवल्यावरही अंगातून जायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस कार्ड बंदच राहू द्या.

मेघनाताई, दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ वर करा. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या कार्यक्रमाचा, हा फुकट नंबर आहे, नातेवाईकही कळवू शकतात. गोळीच्या पट्टीवरचा बॅच नंबर विचारतात, रिकामी पट्टी टाकू नका.