बिडाचा जुना मैलखांब: रंग कसा द्यावा, आणि अंतर का जुळत नाही?

वाटाड्या
इंग्लंडमध्ये आमच्या गावाबाहेर जुन्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या पैशांवर राखलेल्या रस्त्यावर, बिडाचा तिकोनी मैलखांब आहे. रंगाचे पोपडे सुटलेत, बुडाशी गंज चढलाय. गावकरी मिळून रंगवणार आहोत. ग्राइंडर लावावा का? शिवाय लंडनचं अंतर आजच्या मोजणीपेक्षा दोन मैलांनी वेगळं आहे, ते का?

लोहारआळी
ग्राइंडर अजिबात नको. उठावाच्या अक्षरांच्या कडा एका फेरीत जातात आणि परत येत नाहीत. आधी परवानगी घ्या: असे बरेच खांब वारसा यादीत असतात, म्हणून काउंटीच्या रस्ते विभागाला आणि वारसा अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

जुन्या थरांत शिसं आहे असं धरूनच चाला. कोरडं घासू नका. खाली प्लास्टिक अंथरा, पाणी मारत खरवडा, एफएफपी-३ (बारीक धूळ अडवणारा) मास्क लावा, खपल्या वेगळ्या पिशवीत भरा. घट्ट बसलेला रंग राहू द्या, फक्त त्याच्या कडा घासून उतरत्या करा. गंजावर तारेचा हातब्रश पुरतो.

खांब पूर्ण वाळला की त्याच दिवशी उघड्या बिडावर झिंक फॉस्फेट प्रायमरचा पहिला हात द्या. रात्रभर उघडं राहिलं तर दवाने पुन्हा तांबूस गंज धरतो आणि वरचा रंग फुगतो. मग प्रायमरचा दुसरा हात, अंडरकोट, पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. १० अंशांखाली काम नको. काळ्या अक्षरांना छोटा फोम रोलर घ्या, जवळजवळ कोरडा होईपर्यंत निथळवा आणि हलक्या हाताने उठावावरून फिरवा. ओला राहिला तर इंग्रजी आठाची दोन्ही घरं भरून जातात.

बुडाशी साचलेली माती उतरवा, पण काँक्रीट ओतू नका. फटीत पाणी राहतं आणि तिथूनच बीड कुजतं. तडा असेल तर साधं वेल्डिंगही नको. एकाच जागी तापलं की शेजारी नवा तडा जातो. बीड न तापवता धातूचे टाके घालणारा कारागीर शोधा.

जरीब
अंतराचं: लंडनचं अंतर जिथून मोजायचं ती शून्याची जागा एक नव्हतीच. कुठला रस्ता हाइड पार्क कॉर्नरपासून मोजलेला, कुठला शोरडिच चर्चपासून, कुठला हिक्स हॉलपासून. ही इमारत पाडल्यावरही मैल तिच्याच जागेपासून धरत. त्यात ट्रस्टनी, म्हणजे टोल घेऊन रस्ते राखणाऱ्या मंडळांनी, चढ टाळायला रस्ते वळवले. मोजणीचं चाक ८ फूट ३ इंच घेराचं, ६४० फेऱ्यांचा मैल. खड्ड्याखुड्ड्यांत ते जास्त फिरतं आणि अंतर वाढवून दाखवतं. तरी हे आकडे शोभेचे नव्हते: घोड्यांचं भाडं मैलावर ठरे. १७६७ पासून टर्नपाइकवर मैलखुणा सक्तीच्या झाल्या, शेवटचा ट्रस्ट १८९५ मध्ये संपला. जुना आकडा तसाच रंगवा, ‘दुरुस्त’ करू नका.

वाटाड्या
पुढच्या मैलावर दगड आहे. त्यालाही हाच रंग चालेल?

लोहारआळी
नाही. ऑइलपेंटने दगडातला ओलावा कोंडतो, थंडीत गोठतो आणि पापुद्रे सुटतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. आधी चुना लावलेला दिसला तरच चुन्याचा पातळ हात.

जरीब
मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले काळ्या पाषाणाचे मैलदगड आहेत, त्यांनाही ऑइलपेंट नकोच. तिथे गोठण्याची भीती नाही, पण रंगाचे थर रोमन आकड्यांच्या खाचा बुजवतात.