वेप घ्यायच्या आधी

सिगारेट सोडून वेपवर (म्हणजे ई-सिगारेटवर) यायचंय, नवख्याने कोणता घ्यावा, असं विचारलंय तुम्ही. सगळे पॉड न् फ्लेवर सांगत बसलेत, पण 2019 च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवणूक सगळंच बंद आहे. कॉलेज रोडला गुपचूप मिळतं त्यात काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मीही घेतला होता एक. आठवड्यात गळायला लागला, खिशाला आंब्याचा वास! वर सिगारेट चालूच, म्हणजे दोन्हीकडून निकोटिन.

शेवटी सातपूरला मेडिकलमधून 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम आणला. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत बसलात तर उचकी नि मळमळ ठरलेली. थोडा चावायचा, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर ओसरली की परत चावायचा. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर नीट लागू पडत नाही. माझी खरी अडचण तिथेच होती. शिफ्ट सुटली की कटिंग, आणि कटिंगसोबत हात आपोआप पाकिटाकडे. मग टपरीच बदलली (जुना टपरीवाला अजून रुसलाय).

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन (क्विटलाइन) आहे, 1800-11-2356, फोन फुकट. गम सुरू करण्याआधी बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा.