'सॉल्टबॉक्स' घराला मराठीत काय म्हणायचं?

एका भाषांतरात 'सॉल्टबॉक्स हाउस' आलंय. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडची, वसाहतकाळातली लाकडी घरं. पुढून दुमजली, मागून एकमजली. आढं एकच; पुढचं पाखं आखूड, मागचं मात्र पार तळमजल्यापर्यंत उतरलेलं. 'मिठाच्या पेटीचं घर' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. दुसरं काही सुचतंय का?

— हसू येणारच. तिकडे स्वयंपाकघरात मिठाची लाकडी पेटी असे, तिरक्या झाकणाची. बाजूनं पाहिली की हुबेहूब हे घर. आपलं मीठ बरणीत. डबा म्हटलं तर मिसळणाचा आठवतो, आणि तो गोल!

नाव सोडा, घर कसं घडलं ते बघा. बऱ्याच जुन्या दुमजली घरांना मागे एक खण वाढवला आणि छप्पर तसंच खाली ओढून घेतलं. त्या खणात चूल, शेजारी कोठी. म्हणजे मागची पडवीच की! पुढे लोक मुळातच तशी घरं बांधू लागले. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात जॉन अ‍ॅडम्स (१७३५) आणि त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स (१७६७) या दोन राष्ट्राध्यक्षांची जन्मघरं शेजारीशेजारी उभी आहेत, दोन्ही याच घाटाची. 'पडवीचं घर' लिहा.

— 'पडवी'ला हरकत. कोकणातला वाचक लगेच पुढची पडवी धरेल, झोपाळ्यासकट. शिवाय पुढेमागे दोन्हीकडे पडवी असली की पाखी सारखीच होतात. इथे सगळी गंमत ती सारखी नसण्यात आहे. 'दुपाखी'ही त्याच कारणानं बाद. 'लांबपाखी' कसं वाटतं? कोशात नसेल, पण कानाला परका नाही.

आणि हो, दुमजली घरावरचा कर चुकवायला मागची बाजू एकमजली ठेवत, ही गोष्ट तळटीपेत घालू नका. सांगतात सगळे, पुरावा कुणी देत नाही.

— 'लांबपाखी' घेतलं. पहिल्यांदा 'सॉल्टबॉक्स' ठेवून एका वाक्यात आकार सांगतो, मग सगळीकडे 'लांबपाखी घर'. मजा म्हणजे पुढच्याच पानावर बर्फ त्या पाख्यावरून घसरत स्वयंपाकघराच्या दाराशी पडतो. तिथे 'वळचणीला' हा शब्द न शोधताच आला.