मदत हवी आहे: एआय जोडीदार आणि ईईजी

नमस्कार मंडळी, मी नाशिकला मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्प असा: पडद्यावरचं कोडं जोडीदारासोबत सोडवायचं, कधी माणूस, कधी एआय. जोडीदार मधूनच चुकतो, तेव्हा मेंदूत काय उमटतं ते ईईजीवर (डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) बघायचं. दुसऱ्याची चूक दिसली की साधारण पाव सेकंदात डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागात एक ऋण (निगेटिव्ह) विद्युत लाट येते. एआय चुकला तर ती तेवढीच असते का, हा माझा प्रश्न.

घोडं अडलंय वेगळीकडेच. एआय पटकन उत्तर देतो, माणूस वेळ घेतो. मग फरक जोडीदाराचा की वाट बघण्याचा? सर म्हणतात, दोन्हीकडे आधीच ठरवलेली उत्तरं तेवढ्याच वेळाने दाखव, फक्त नाव बदल. पटतं, पण ही सहभागींची फसवणूकच ना? नंतर खरं सांगितलं की नीतिसमितीला चालतं का? कुणी असा अर्ज भरलाय?

शिवाय कॉलेज रोडवरच्या खोलीत चाचणी घेतली, तर पंखा आणि वायरिंगमुळे ५० हर्ट्‌झची गुणगुण सगळ्या नोंदीत. ती गाळता येते म्हणा. पण मैत्रीण आदल्या रात्री चंपी करून आलेली! तेलकट केसांत इलेक्ट्रोड काही धड टेकेना. आता शाम्पू करूनच या, असं सांगणार आहे.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी, कुठेही चालेल: घटनेच्या क्षणाची खूण टाकता येणारं ईईजी मशीन कुणाकडे आहे का? दवाखान्यातल्या मशीनवर मला ती सोय मिळाली नाही. भाडं देईन.