पाय मुरगळला आहे की हाड मोडले आहे, हे घरी कसे ओळखावे?

प्रश्न : घाटमाथा

काल संध्याकाळी गोठ्याच्या ओल्या पायरीवरून उतरताना माझ्या आईचा (वय ६२) उजवा पाय आतल्या बाजूला वळला आणि ती खाली बसली. त्या वेळी ‘कट्’ असा आवाज आल्याचे ती सांगते. रात्रीपर्यंत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली आणि आज सकाळी पावलाच्या कडेपर्यंत काळेनिळे झाले आहे. पायाची बोटे हलतात, म्हणून हाड शाबूत आहे, असे शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे. मामा मात्र तिला हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घ्यावा म्हणतात. सध्या आंबेहळदीचा लेप लावला आहे. एक्स-रेची सोय तालुक्याच्या गावी, म्हणजे एसटीने दीड तासावर आहे आणि पावसामुळे गाड्यांचा भरवसा नाही. मी पुण्यात असल्याने सगळे फोनवरच चालले आहे. आईला एवढा प्रवास करायला लावणे खरोखर गरजेचे आहे का, हे कसे ठरवावे?

उत्तर : अस्थिरोग विभागातील एक डॉक्टर

आधी बोटांविषयी लिहितो, कारण या समजुतीपायी मोडलेला पाय घेऊन आठ-आठ दिवस घरात वावरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. बोटे हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात. घोट्याच्या हाडाला तडा गेला तरी ते आपले काम करतच राहतात. सूज आणि काळेनिळेपणाही निर्णायक नाही, कारण अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारा चिवट पट्टा, लिगामेंट) फाटला तरी रक्तस्राव होतो आणि कित्येकदा साध्या मुरगळण्याची सूज बारीक तड्याच्या सुजेपेक्षा मोठी दिसते. ‘कट्’ असा आवाज अस्थिबंध तुटतानाही येतो.

उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी : हाडावर नेमके कोठे दाबल्यावर दुखते आणि चार पावले टाकता येतात की नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यावरूनच नियम मांडले आणि आज ते जगभरच्या आपत्कालीन विभागांत वापरले जातात. घरातल्या कोणाला तरी आईंच्या पायाजवळ बसवा. घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याचे टोक आणि त्याची मागची कड, तेथून वर सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत, एका बोटाने हलकेच दाबत जायला सांगा आणि आतल्या उंचवट्यावरही तसेच करा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळी आणि टाच यांच्या मधोमध हाताला लागणारा हाडाचा उंचवटा दाबा, आणि शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे असलेले हाड. यांपैकी एकाही जागी हाडावरच दुखले, किंवा पडल्याबरोबरही आणि आताही त्यांना चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. लंगडत टाकलेली पावलेही येथे धरायची. पण भिंतीचा किंवा कोणाच्या खांद्याचा आधार नको. उंचवट्याच्या पुढच्या, खोलगट मऊ भागातच दुखत असेल, तर बहुधा अस्थिबंधाची इजा असते.

पाय वाकडा दिसत असेल, पाऊल गार किंवा बधिर पडले असेल अथवा कातडी फाटून जखम झाली असेल, तर हे काहीही तपासत बसू नका, लगेच निघा. आणि काहीही झाले तरी एक्स-रेपूर्वी पाय ओढू देऊ नका. तडा गेलेले हाड ओढल्याने जागचे सरकू शकते.

उत्तर : सातारकर

आईंना मधुमेह आहे का, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या वडिलांना बरीच वर्षे मधुमेह असल्याने पायांची संवेदना कमी झाली होती. त्यामुळे हाड मोडूनही ते ‘फारसे दुखत नाही’ म्हणत चालत राहिले. अशा माणसाच्या बाबतीत दाबून पाहण्याच्या परीक्षेवर विसंबता येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : घाटमाथा

मधुमेह नाही. आपण सांगितल्याप्रमाणे वहिनीने दाबून पाहिले. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांवर आईला काही वाटले नाही आणि आधाराशिवाय ती चार पावले लंगडत चालली, त्यामुळे आम्ही निश्चिंत होणार होतो. पण पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध बोट ठेवताच तिने पाय मागे घेतला. म्हणून जीप करून तिला नेले. करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाच्या मुळाशी टवका निघाला आहे.

उत्तर : अस्थिरोग विभागातील एक डॉक्टर

नेले हे फार चांगले केले. पाय आत वळतो, तेव्हा त्या हाडाच्या मुळाशी जोडलेल्या ऊती जोराने ताणल्या जातात आणि हाडाचा तुकडा ओढून काढतात. सगळ्यांचे लक्ष सुजलेल्या घोट्याकडे असल्याने ही जागा दाबायची राहून जाते. तुकडा फारसा सरकला नसेल, तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही; कडक तळाच्या बुटात सोसेल तेवढा भार देत चालता येते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत हाड जुळते. मात्र एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांना तडा अगदी मुळाशी आहे की थोडा पुढे, हे आवर्जून विचारा. पुढच्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने तेथला तडा हट्टी असतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांचे नृत्य करताना पावलातले हेच हाड मोडले होते आणि १९०२ मध्ये त्यांनी या इजेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या भागातल्या तड्याला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. तो असेल, तर पायावर भार देण्याविषयीचे नियम बरेच कडक असतात.

पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा, पाय उशांवर उंच ठेवा आणि चोळणे पूर्ण बंद ठेवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : घाटमाथा

विचारले. तडा अगदी मुळाशीच आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे, आणि तोपर्यंत धारा काढायला वहिनी जाणार आहे.