१६३०चा दुष्काळ: पाऊस, फौज आणि पुरावा

साक्रीकर:
"१६३०ला पाऊस पडला नाही, पीक बुडाले, माणसे मेली, यात इतिहासकारांनी शोधायचे ते काय?" चोपड्याच्या आप्पांनी काल लिहिलेल्या या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. पीक का बुडाले ते पावसावरून कळते, माणसे का मेली ते कळत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज नोकर पीटर मंडी त्या हिवाळ्यात नंदुरबारमार्गे सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. वाटेत इतकी प्रेते पडली होती की लहानसा तंबू ठोकायलाही जागा मिळेना, असे तो लिहितो. शहाजहान तेव्हा फौजेसह बुऱ्हाणपुरातच होता, आणि माळव्याचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून त्याच छावणीकडे जात होते.

चोपडेकर:
भाऊ, मंडी कंपनीचा नोकर, हमरस्त्याने गेलेला. भुकेला माणूस रस्त्याकडेच धावतो, त्यामुळे प्रेते तिथेच जास्त दिसणार; सातपुड्यातली गावे त्याने पाहिली नाहीत. बादशहाने सुमारे ७० लाखांचा शेतसारा माफ केला, लंगर उघडले, हे त्याचा दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो. ते तुम्ही का गाळता?

साक्रीकर:
गाळत नाही, तोलून पाहतो. मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून विकली, हेही लाहोरीच लिहितो. दरबारी लेखकाने धन्याला न शोभणारी गोष्ट नोंदवली, म्हणून ती मी जास्त खरी मानतो. माफीने धन्याची थोरवी वाढते, आणि उजाड गावातून सारा तसाही वसूल झाला नसता.

चोपडेकर:
तोलण्याच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी कराव्यात! बहात्तरना दुस्काय, १९७२चा दुष्काळ, आम्ही अंगावर काढला आहे. माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. तिचे फुटलेले तळवे आणि मिलो ज्वारीची लाल, चिवट भाकरी मला आजही दिसते. पाऊस नव्हता, एवढेच कारण होते.

नंदुरबारकर:
आप्पा, आईंच्या कष्टांना नमस्कार. पण त्याच आठवणीत तुमच्या म्हणण्याचे उत्तर आहे. तेव्हाही पाऊस नव्हता, तरी रस्त्यावर प्रेतांचा खच पडला नाही, कारण खडीच्या कामाची मजुरी होती आणि बाहेरून आलेली मिलो होती.

चोपडेकर:
माझ्या आईला तुमच्या वादातला दाखला करू नका.

साक्रीकर:
दाखला तुम्हीच दिलात, आप्पा.

चोपडेकर:
ठीक आहे. पाऊस पडता तर १६३०ला यातले काहीच घडले नसते, एवढे तुम्ही मान्य करा. फौजेने घास पळवला असेल, हे मी नाइलाजाने मान्य करतो. आई मात्र सांगायची, हजेरीपटावर नाव चढले नाही त्या आठवड्यात घरात चूल पेटली नाही.